हौदावरचे दोन साक्षीदार

पोती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टी असूनही, मोठ्या भावाने सगळ्यांना कारखान्यावर बोलावलं. घरी बोलावलं असतं तर आत्या चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली असती, मागोमाग एकेक जण तिथे गेला असता आणि बैठक तिच्या राज्यात भरली असती. मोठ्याला हे अनुभवाने ठाऊक होतं. कारखान्याच्या ऑफिसात मात्र खुर्ची वडिलांची होती आणि तीवर आता तो बसत होता.

मधला सगळ्यांत आधी आला. तसा तो सगळीकडेच आधी येतो आणि शेवटी बोलतो, तेही कुणी विचारलं तर. तीन भावांत मधला, म्हणून लहानपणापासून त्याचं नावच ते पडलं होतं. बारशाचं नाव फक्त पासपोर्टवर उरलं होतं.

ऑफिसाच्या काचेतून खाली शेड दिसायची. आज पट्टे थांबलेले होते. एरवी या वेळी त्या शेडमध्ये काय गलका असतो! एका टोकाला जुने टीव्ही, प्रिंटर, इस्त्र्या, केस वाळवायची यंत्रं चुरा होऊन पडायची आणि तो चुरा पुढे सरकत सरकत शहाणा होत जायचा. चुंबकाखालून जाताना त्यातलं लोखंड वर उडी मारून चिकटायचं. पुढच्या फिरत्या रुळावर ॲल्युमिनियमला कोण जाणे काय व्हायचं, ते पट्ट्यावरून टुणकन पलीकडच्या खणात जाऊन पडायचं. हलत्या टेबलावर तांबं एका बाजूला आणि धूळ दुसऱ्या बाजूला. ही सगळी यंत्रं मधल्याची होती, म्हणजे तेलपाणी त्याचं, कुरकुर ऐकणारा कानही त्याचाच. वीस वर्षं बघूनही ॲल्युमिनियमची ती उडी बघायला तो अजून क्षणभर थांबायचा. मात्र हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

यंत्रांना जे ओळखता येत नाही ते सगळं शेवटी हौदात यायचं. प्लास्टिक. आणि हौद आत्याचा होता.

"चोवीसच्या चोवीस पोती," मोठा म्हणाला. सगळे बसले होते. मोठ्याशेजारी मोठी वहिनी, समोर धाकटा, दाराजवळच्या स्टुलावर मधला, आणि खिडकीला पाठ करून आत्या, अंगात कामाचा निळा कोट, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. "त्यांनी प्रत्येक पोत्याला यंत्र लावून बघितलं. प्रत्येकात औषधवालं निघालं."

औषधवालं म्हणजे आग लागू नये म्हणून ज्यात ब्रोमीनचं औषध मिसळलेलं असतं ते प्लास्टिक. टीव्हीच्या पाठी बहुतेक त्याच्याच. खरेदीदार या मालातून खणांच्या मुठी, मुलांच्या टेबलांचे कोपरे असलं काही बनवायचा. त्याची अट एकच होती, औषधवालं नको. मुलं हात लावतात, तोंडात घालतात. अकरा वर्षांत त्याला बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती.

"एखादं पोतं चुकलं असेल," धाकटा म्हणाला. "आत्याच्या हातून चोवीस चुकतील, हे मला पटत नाही."

"तुझ्या पटण्यावर त्यांचं यंत्र चालत नाही."

"मी आणला होता की मीटर. पाण्याचा जडपणा आकड्यात दाखवणारा."

"त्याचं काय झालं?"

"पहिल्याच आठवड्यात हौदात पडला."

"आणि बुडाला," आत्या म्हणाली. "तेव्हाच मी म्हटलं, हा माझ्या त्या बुडणाऱ्या काळ्या तुकड्याच्या जातीचा."

धाकटा हसला. वहिनीही हसणार होती, पण नवऱ्याकडे बघून तिने ते आवरलं.

मोठ्याने खणातून एक कागद काढला. असा कागद बाहेर आला की निर्णय आधीच झालेला असतो, हे तिघा भावंडांना वडिलांपासून माहीत होतं. फरक इतकाच की वडील कागद वाचून दाखवायचे. मोठ्याने तो नुसता टेबलावर ठेवला.

"हौद बंद करायचा. आपण धातूंवर जगतो. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं. प्लास्टिक आहे तसं एकत्र उचलायला भट्टीवाले तयार आहेत. ते जाळतील, त्यांचं ते बघतील. हौदाच्या जागी वायरींचं नवं यंत्र बसेल. त्या विभागाचा प्रमुख मधला."

स्टुलावर मधला दचकला. त्याला कुणी आजवर कशाचा प्रमुख केलेलं नव्हतं. शाळेत खडू आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवायचे.

"वायरींचं यंत्र येणार असेल तर," धाकटा सावकाश म्हणाला, "म्हणजे, आत्या, तसं बघितलं तर..." ते यंत्र वर्षभर तोच मागत होता.

"वारा फिरला," आत्या म्हणाली.

"तसं नाही गं."

"असू दे. तुझा वारा फिरतो तरी. तुझ्या दादाचा खांबच."

वहिनी आत्याकडे वळली. "आत्याबाई, मी यांच्या बाजूने बोलते असं समजू नका. पण तुमचे गुडघे बघा. दिवसभर त्या खाऱ्या पाण्यात हात. बोटांची सालं निघतात. तीस वर्षं झाली, आता बसा की जरा घरी."

"घरी बसून काय करू? तुझ्या डाळीतले खडे वेचू?"

"वेचा. तुमच्याइतके बारीक कोण वेचणार?"

हे वहिनी खरं बोलली. हौद म्हणजे वेचणंच होतं, फक्त हातांऐवजी पाण्याने केलेलं. पहिल्या हौदात साधं पाणी. त्यात हलकं प्लास्टिक वर येतं, बाकीचं तळाशी जातं. तळाचं दुसऱ्या हौदात टाकायचं आणि तिथे मिठाचं पाणी. मीठ बरोबर पडलं असेल तर चांगलं प्लास्टिक तरंगतं आणि औषधवालं बुडतं. मीठ कमी पडलं तर सगळंच बुडतं, जास्त झालं तर सगळंच तरंगतं. त्या दोहोंमधली जागा बोटभर रुंद, आणि आत्या तीस वर्षं त्या बोटभर जागेवर उभी होती.

ती कशी उभी होती, तर दोन साक्षीदारांच्या जोरावर. वडिलांनी हौद बांधला तेव्हा त्यांच्याकडे ना मीटर होता ना तो घ्यायची ऐपत. त्यांनी कीबोर्डाच्या कवचाचा एक पांढरा तुकडा कापला आणि टीव्हीच्या पाठीचा एक काळा. दोन्ही दोन बोटं रुंद. भोक पाडून प्रत्येकाला दोरा बांधला आणि हौदाशेजारच्या खिळ्याला टांगले. रोज सकाळी दोघांना पाण्यात सोडायचं. पांढरा तरंगला पाहिजे, काळा बुडला पाहिजे. दोघांची साक्ष जुळेपर्यंत मीठ नाहीतर पाणी घालत राहायचं. वडील म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, हे दोघे बोलणार नाहीत. वडील गेल्यावर यंत्रं बदलली, पट्टे बदलले, भिंतींचा रंगसुद्धा बदलला. साक्षीदार तेच राहिले.

पण आत्याजवळ साक्षीदारांपलीकडचंही बरंच काही होतं, आणि ते मधल्याला ठाऊक होतं. लहानपणी ती त्याला हौदाकाठी बसवून फरशीवर तुकडे टाकायची. डोळे मीट आणि आवाज ऐक, म्हणायची. हा टणटणला, हा कपाटातल्या काचेसारखा बोलतो, म्हणजे ठिसूळ जातीचा. हा ठक करून गप्प बसला, हा चिवट. मधल्याचा कान तिथे घडला. पुढे यंत्राचा कुठला दात झिजलाय ते तो नुसतं ऐकून सांगायचा. लोक त्याचं कौतुक करायचे तेव्हा त्याला वाटायचं, हे कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलंय.

"वाद नको," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. वाद नको, हे आत्याचं वाक्य नव्हतं.

"मी पण रात्रंदिवस तेच घोकतेय. दोन्ही साक्षीदार रोज बघितले. पांढरा वर, काळा खाली. म्हणजे पाणी बरोबर होतं. पाणी बरोबर असून माल चुकला, म्हणजे चूक गाळणाऱ्याची. डोळे गेले माझे. तरंगतंय ते आणि नुसतं बुडताना रेंगाळतंय ते, मला वेगळं दिसेनासं झालं असणार." तिने कोटाच्या खिशात हात घातला. "हौद बंद करा. हे घ्या. खिळ्यावर उगाच लोंबकळायला नकोत."

तिने दोन्ही साक्षीदार टेबलाच्या काचेवर ठेवले.

टिंग.

आवाज बारीक होता. मोठ्याने ऐकला नाही, तो आत्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण जिंकलो हे त्याला मुळीच आवडलेलं नाही. धाकटा मान खाली घालून नखं बघत होता. मधल्याचे कान मात्र टवकारले. काचेवर प्लास्टिक असं वाजत नाही. हा धातूचा आवाज होता.

तांब्याचा.

आणि ते तांबं त्यानेच बांधलेलं होतं.

दोन महिने झाले असतील. मीठ दोरा खातं, म्हणून आत्या दर एक तारखेला दोरा बदलायची. सालं निघालेल्या बोटांनी ती त्या भोकात दोरा ओवायला धडपडत होती, ते त्याला बघवलं नाही. दुपारी त्याने दोन्ही तुकडे नेले. या कारखान्यात दोरा शोधायला अर्धा दिवस जाईल, पण तांब्याची तार जिथे हात घालाल तिथे. त्याने एका मोटरीतली तार सोलून काढली, प्रत्येक तुकड्याला चार वेढे दिले, पीळ इतका सुबक मारला की जणू दागिनाच, आणि तारेच्या कडीला वरचा दोरा बांधला. आत्याने ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "मधल्या, तुझ्या हाताला गुण आहे," म्हणाली. दोन महिने ते वाक्य तो मनातल्या मनात पुसूनपुसून ठेवत होता.

"तरी मी म्हणतच होते," वहिनी सांगत होती, "मीठ दुप्पट लागायला लागलं तेव्हाच काहीतरी बिघडलं होतं."

"हौद गळतोय असं वाटलं होतं ना," धाकटा म्हणाला. "मधल्या भाऊने तीन दिवस आत बसून सिमेंट लावलं की."

लावलं होतं. एकही चीर सापडली नव्हती, तरी लावलं होतं. आता स्टुलावर बसल्याबसल्या ते सगळं त्याच्या डोक्यात गोळा झालं. हौद गळत नव्हता. मिठाला पाय फुटले नव्हते. तारेने पांढरा जड झाला होता. जड झालेला पांढरा तरंगावा म्हणून आत्या मीठ ओतत राहिली. पाणी इतकं जड झालं की औषधवालंसुद्धा वर यायला लागलं. हे काळ्याने सांगायला हवं होतं. पण काळ्याच्या गळ्यातही चार वेढे तांबं होतं, तो कसा वर येणार?

बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. हौद बुजला असता, साक्षीदार या खणात पडले असते, आणि तो एका विभागाचा प्रमुख झाला असता. आत्या मात्र उरलेलं आयुष्य आपले डोळे गेले असं समजून डाळ निवडत बसली असती.

"तार," मधला म्हणाला.

कुणी लक्ष दिलं नाही. त्याचा आवाज पहिल्यांदा कधीच पोचत नसे.

"तार मी बांधली." तो उभा राहिला होता, आणि स्टूल मागे पडलं. "आत्याचे डोळे ठीक आहेत. तारेमुळे झालं. माझ्यामुळे झालं."

"कुठली तार?" मोठ्याने विचारलं.

मधल्याने सांगितलं. नीट जमलं नाही, मधूनच सुरुवात केली, मग मागे गेला, पण सांगितलं. मोठ्याने पांढरा तुकडा उचलून डोळ्यांसमोर धरला.

"ही एवढीशी तार? अर्धा ग्रॅम नसेल. या अर्ध्या ग्रॅमने माझी चोवीस पोती परत आणली?"

"मिठाच्या पाण्यात अर्धा ग्रॅम म्हणजे हत्ती," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "इथे बसून कोर्ट कशाला भरवता? साक्षीदार आहेत, हौद आहे. चला खाली."

जिना उतरताना वहिनीने तिला हात दिला आणि तिने तो घेतला. एरवी घेत नसे.

हौदातलं पाणी बंद शेडमध्ये काळपट, शांत दिसत होतं. काठावर मिठाची पांढरी किनार चढली होती. मधल्याने पक्कड आणून वेढे सोडवले. त्याने दिलेला पीळ इतका घट्ट होता की त्यालाच सुटेना. दोन्ही तारा जमिनीवर पडल्या.

"आता दोरा," आत्या म्हणाली.

मिठाने खाल्लेला जुना दोरा हातातच तुटला आणि दुसरा कुणाकडेच नव्हता. धाकट्याने सवयीने जवळच्या पिंपातून तार उचलली आणि सगळ्यांची नजर बघून परत टाकली. शेवटी वहिनीने आपल्या बाहीची शिवण दाताने तोडली आणि हातभर दोरा ओढून काढला.

आत्याने आधी पांढरा सोडला. तो खाली गेलाच नाही. पाण्यावर पालथा पडला, पाठ बाहेर काढून.

"एवढा वर?" मोठा म्हणाला.

"थांब."

तिने काळा सोडला. त्याने बुडी घेतली. दोराभर आत गेला, दिसेनासा झाला. मधला काठावर ओणवा झाला. म्हणजे तार नव्हती, म्हणजे आपण उगाच... आणि मग पाण्यातून सावली वर यावी तसा काळा हळूहळू वर आला आणि पांढऱ्याला जाऊन टेकला.

तीस वर्षांत काळा कधी तरंगला नव्हता. मोठा वाकून बघत राहिला, वडिलांची सही बघावी तसा.

हसायला सुरुवात आत्याने केली. आधी खांदे हलले, मग ती काठावरच बसली. "मधल्या, अरे, तू साक्षीदारांनाच लाच दिलीस की. तीही तांब्याची."

"आत्या, माझं चुकलं."

"चुकलंच. पण अर्धं. उरलेलं अर्धं माझं." तिने पाण्यात हात घातला आणि बोटं हलवली. "गेले दोन महिने हाताला पाणी जड लागत होतं. रोज लागत होतं. हात सांगत होता, बाई, हे नेहमीचं नाही. मी म्हटलं, गप रे, साक्षीदार सांगतात ते खरं. तीस वर्षं ज्या हाताने काम केलं त्याच्यावर नाही विश्वास ठेवला, आणि डोळ्यांना दोष द्यायला निघाले." ती मोठ्याकडे वळली. "तुझा बाप असता तर आज आम्हा दोघांना अंगठे धरून उभं केलं असतं."

"मलाही," मोठा म्हणाला.

"तुला का?"

"मी न बघता कागद लिहिला."

तो कागद त्याने वरच ठेवला होता. तो आणायला कुणी गेलं नाही.

मग पाणी. धाकट्याने नळी लावली आणि आत्याने हात आत ठेवून लांब फळीने ढवळायला सुरुवात केली. मधला काळ्यावर नजर खिळवून उभा होता. पाव तास झाला, अर्धा झाला. काळा पाण्यावर तसाच. मग त्याचा एक कोपरा आत गेला. "सावकाश," आत्या म्हणाली, आणि धाकट्याने नळी चिमटीत धरली. काळा तिरका झाला, क्षणभर काय करावं अशा विचारात पडल्यासारखा थांबला, आणि निघून गेला, सरळ तळाला. पांढरा वरच होता.

"बंद," आत्या म्हणाली. धाकट्याच्या हाताआधी तिचं बोट वर झालं होतं.

कुणी न सांगता मोठ्याने परत आलेल्यातलं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. पाठ धरली त्याची, पण त्याने ते हौदाशी आणून ओतलं. राखाडी, पांढरा, काळा असा मिसळलेला चुरा पाण्यावर पसरला, आणि मधल्याने वीस वर्षांत शेकडो वेळा बघितलेलं ते पुन्हा जसं काही पहिल्यांदाच बघितलं. चुरा आपसूक दुभंगला. काही तुकडे जागच्या जागी थांबले, काही शहाण्या मुलांसारखे एकामागून एक खाली गेले. आत्याची फळी त्यांच्यावरून अशी फिरत होती की पाणी हलावं पण ढवळू नये. रेंगाळणाऱ्या एखाद्या तुकड्याला ती फळीच्या टोकाने नुसतं टेकायची आणि तो ठरवून टाकायचा, वर की खाली. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"खरेदीदाराला काय सांगू?" मोठ्याने विचारलं.

"खरं सांग. तारेचं."

"हसेल तो."

"हसू दे. हसला की माणूस पुढचं ऐकून घेतो. म्हणावं, चोवीस पोती पुन्हा गाळून पाठवतोय, यंत्र लावून बघ. नाही पटलं तर मग तुझा कागद आहेच."

मोठ्याने मान हलवली. मग मधल्याकडे न बघता म्हणाला, "वायरींच्या यंत्राला जागा दुसरीकडे शोधू. प्रमुख कुणाला करायचं ते मग बघू."

"मला नको," मधला म्हणाला. यावेळी आवाज पहिल्यांदाच पोचला.

धाकट्याने जमिनीवरच्या तारा उचलल्या. "या फ्रेम करून ऑफिसात लावू या का?"

"तांबं आहे ते," आत्या म्हणाली. "तांब्यात टाक. भिंतीवर लावायला आपल्याकडे काही फुकट आलेलं नाही."

तारा पिंपात पडल्या. मधल्याने कान दिला, पण बाकीच्या तांब्यात त्यांचा आवाज वेगळा ओळखू आला नाही.

आत्याने दोन्ही साक्षीदार कोटाला पुसले आणि त्याच्या हातात ठेवले. "बाहीचा दोरा टिकायचा नाही. उद्या चांगला आण. आणि इथून पुढे दर एक तारखेला तू बदलायचास."

"मी? आज एवढं झाल्यावर?"

"म्हणूनच. चार वेढ्यांनी काय होतं, ते तुझ्याइतकं या घरात आता कोण लक्षात ठेवणार?" तिने बाही वर केली आणि पाण्यापासून जरा सरकून त्याला काठाशी जागा करून दिली. "हात घाल. पाणी कसं लागतं ते आत्ता लक्षात ठेव. हे दोघे कधी चुकले तर हात चुकायला नको."

मधल्याने हात घातला. पाणी गार होतं, आणि बोटांच्या भेगांना झोंबत होतं. त्याने डोळे मिटले.